बिनआवाजी पुकारा

१

पुकारा म्हणजे हाक नव्हे. हाक आपल्या माणसाला मारतात. ती ऐकू आली तरी न आल्यासारखे करता येते, आणि मारणाराही ‘काही नाही, सहज’ म्हणून ती मागे घेऊ शकतो. पुकाऱ्याचे तसे नाही. जिथे माणसे आपल्या पाळीची वाट बघत बसलेली असतात तिथे पुकारा होतो. ज्याचा पुकारा झाला त्याला आत येण्याचा अधिकार मिळतो, आणि काम संपल्याचे सांगेपर्यंत त्याला कोणी उठवू शकत नाही. हा भेद कोशात इतका काटेकोर नोंदवलेला नसेल, परंतु ज्या दवाखान्यात ही गोष्ट घडली तिथे तो रोज पाळला जाई.

दवाखाना कानांचा होता. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कमी ऐकू येई, काहींना मुळीच नाही, म्हणून तिथला पुकारा आवाजाने होत नसे. माणूस बाहेरच्या खोलीत येऊन बसे आणि दवाखान्याच्या फोनवर संदेश पाठवी: ‘मी बाहेर बसलो आहे.’ पाळी आली की त्याला उत्तर जाई: ‘आत या.’ तपासणीच्या खोलीत त्याला कानांवर हेडफोन चढवून बसवत आणि हातात एक खटका देत. सूर ऐकू आला की त्याने खटका दाबायचा. दाबला की बाहेरच्या यंत्रावर दिवा लागे. सूर संपले आहेत की आपल्यालाच ऐकू येत नाहीत, हे आत बसलेल्याला कळण्याचा मार्ग नव्हता. म्हणून तिसरा संदेश असे: ‘तपासणी झाली. आता निघा.’ तो आल्याखेरीज कोणी खुर्ची सोडत नसे.

हे तीन संदेश सांभाळणाऱ्या बाईला सगळे फोनवाली म्हणत. सहा वर्षांत त्या फोनवरून ती एकदाही कोणाशी बोललेली नव्हती, आणि या विनोदाला आताशा कोणी हसत नसे.

२

फोन जुना होता. डॉक्टरीणबाई श्रवणयंत्रे जुळवण्यासाठी जी प्रणाली वापरत ती त्याच एका फोनवर चाले, म्हणून तो बदलता येत नसे आणि कोरा करून पुन्हा सुरूही करता येत नसे. उरलेल्या जागेत संदेश राहत, आणि ती जागा तीन आठवड्यांत भरे. भरली की पडद्यावर चौकट उमटे: ‘जागा शिल्लक नाही. नवे संदेश स्वीकारले जाणार नाहीत.’ शिवाय एका माणसाच्या संभाषणात पन्नासच संदेश मावत. पन्नास झाले की त्यांतला एखादा हाताने पुसेपर्यंत तिथे नवा संदेश येऊ शकत नसे आणि तिथून जाऊही शकत नसे.

पुसायचे म्हणजे कसे? ‘सर्व निवडा’ असा पर्याय होता, पण तो दाबला की फोन थिजे आणि पाव तासाने शुद्धीवर येई तेव्हा सगळे संदेश जागच्या जागी असत. म्हणून एकेक. संदेशावर बोट दाबून धरायचे, कचऱ्याच्या डब्याच्या चित्राला स्पर्श करायचा, ‘हा संदेश कायमचा पुसायचा?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे, आणि चौकट मिटण्याची वाट बघायची. असे चारशे वेळा, पाचशे वेळा. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी एक ठणका कायमचा वस्तीला आला होता. घरी भाजी चिरतानाही तिचा अंगठा मधूनच ‘हो’ म्हटल्यासारखा हले.

मंगळवारी व्हायचे ते झाले. एक निवृत्त कवायत मास्तर दहा वाजता येऊन बसले. त्यांचा संदेश भरलेल्या फोनने घेतलाच नाही. फोनवालीचे टेबल आतल्या बोळात, वळणापलीकडे. तिथून बाहेरची खोली दिसत नाही. पावणेबाराला ते स्वतःच उठून टेबलापाशी आले आणि मैदानावर घुमणाऱ्या आवाजात म्हणाले,

“पोरी, माझं नाव कापलं का?”

तिने घाईघाईने कागदावर ‘माफ करा’ लिहून दाखवले.

“माफी कसली! चाळीस वर्षं पोरांना उन्हात उभं केलं मी. आता माझी पाळी, एवढंच सांग की!” ते हसले, पण परत जाताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला.

डॉक्टरीणबाईंनी दार लोटून घेतले. “अगं, हे दुसऱ्यांदा झालं.”

“हो, बाई.”

“शुक्रवारी चारला ते परत येणार आहेत. त्याच्या आत तो फोन रिकामा पाहिजे मला. सगळा. तू कुलूप लावून ठेवलेत तेसुद्धा.”

तिने फोन पालथा करून हातात धरला.

“तुला असं बोलायला मला बरं वाटत नाही गं. पण नाही जमत म्हणालीस, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल.”

३

कुलूप लावलेले संदेश सत्तेचाळीस होते, आणि ते तिच्या आईचे होते.

आई याच दवाखान्यात यायची. तिच्यामुळेच लेकीला हे काम मिळाले. दिवसभर मुलीच्या हातात जो फोन असे त्याचाच क्रमांक आईला पाठ होता, म्हणून घरचे सगळे निरोपही तिथेच यायचे. ‘तुझी छत्री राहिली.’ ‘येताना जिन्यातला दिवा आण, गेला तो.’ ‘शेजारीण म्हणते तिने तीनदा घंटी वाजवली. मला वाटलं मीच एकटी शहाणी घरात.’ शेवटचा संदेश निराळा होता. ‘मी बाहेर बसले आहे.’ त्याही दिवशी फोन भरलेला होता. आई दीड तास बसली आणि कोणाला न विचारता घरी गेली. संध्याकाळी फोनवालीने संदेश पुसायला घेतले तेव्हा तो अडकलेला संदेश सुटून आला. लेक घरी आल्यावर आई म्हणाली, “गर्दी होती ना गं? मग कशाला तुझ्या डोक्याला ताप.” तिसऱ्या दिवशी ती झोपेतच गेली. त्या संदेशाला उत्तर गेले नाही ते नाहीच.

शुक्रवारी दीड वाजता डॉक्टरीणबाई जेवायला गेल्या. साचेवाले काका मागच्या खोलीत कानांच्या मापाचे साचे काढत बसायचे, तेही हात पुसत बाहेर आले.

“काय फोनवालीबाई, अंगठा झिजला की सांग. कानाचा करतो तसा अंगठ्याचाही साचा करून देईन. गुलाबी.”

“आधी तो लगदा माझ्या तोंडात भरा, काका. म्हणजे बाईंना उलट बोलणार नाही.”

“तू बोलतेस कुठे! बोलली असतीस तर हा डबा केव्हाच भंगारात गेला असता.” मग जरा थांबून ते म्हणाले, “आईचेही पुसायचेत का?”

“हो.”

“कागदावर उतरवून घे की.”

“घेतले होते, काका. माझ्या अक्षरात ते माझेच वाटतात.”

काकांनी तिच्या टेबलावर दोनदा बोटे वाजवली, जणू तेच त्यांचे उत्तर, आणि ते गेले. तिने बाहेरच्या काचेच्या दाराला आतून कडी घातली.

त्या दवाखान्यातली शांतता विकत आणून बसवलेली होती. भिंतींना जाड अस्तर, जमिनीवर गालिचा, छताला भोकाभोकांच्या फळ्या. अशा जागी माणसाला स्वतःचे गिळणे ऐकू येते. तिच्या समोरच, बोळाच्या पलीकडे, तपासणीच्या खोलीचे दार होते: हातभर जाड, पोलादी दांडीचे. दाराशेजारी दुहेरी काचेची खिडकी, आणि खिडकीखाली यंत्र. बाई ते कधी बंद करत नसत. त्याचा दिवा विझलेला होता.

ती पुसत राहिली. ‘मी बाहेर बसलो आहे.’ हो. ‘आत या.’ हो. ‘मी बाहेर बसले आहे.’ हो. वाचायचे नाही असे ठरवूनही वाचले जाई. इतकी माणसे बाहेर बसून होती आणि सगळ्यांना त्याच त्या ठरलेल्या शब्दांत आत घेऊन बाहेर काढले होते, याचा तिला शीण आला. तीन वाजून दहा मिनिटांनी फोनमध्ये आईच्या संभाषणाखेरीज काही उरले नाही.

४

तिने ते उघडले. खाली ‘मी बाहेर बसले आहे’ होते. त्याच्याही खाली तयार उत्तरांची नेहमीची पट्टी: ‘आत या’, ‘जरा थांबा’, ‘तपासणी झाली. आता निघा.’

आता यात कोणाला दोष द्यायचा? सहा वर्षे ते चार शब्द दिसले की त्यांच्याखाली दाबायचे, हीच त्या अंगठ्याची नोकरी. दीड तास ‘हो’ म्हणून तो बधिर झाला होता. दाबल्यावर तिला कळले की दाबले.

‘आत या.’

शब्द आईच्या शब्दांखाली जाऊन बसले. क्षणभराने त्यांच्याखाली बारीक अक्षरे आली: ‘पोहोचला.’

तिने फोन टेबलावर ठेवला. पोहोचला म्हणजे काय, हे तिला ठाऊक होते. आईचा क्रमांक बंद करण्याचा अर्ज तिनेच केला होता, त्याला वर्ष होत आले. कंपन्या असे क्रमांक दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात. त्यांना माणूस गेल्याचे काय? कोणा अनोळखी बाईच्या फोनवर ‘आत या’ गेले असेल. ती भांबावून म्हणेल, कुठे? क्षमा मागायची, झाले.

बाहेरच्या काचेच्या दाराला वरच्या बाजूला एक दांडी होती, ती दार आपोआप लावून घेई. लावताना तिच्यातून हवा सुटे. उसाशासारखा तो आवाज दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या कानवळणी पडला होता. कोण आले, कोण गेले, हे त्यावरून कळे. तो आवाज आला. थोड्या वेळाने पुन्हा एकदा आला, अधिक सावकाश. दार एका दमात पुरते मिटत नाही, हे तिने स्वतःला सांगितले. आणि मग आठवले की कडी आपण घातली आहे.

फोन थरथरला.

‘आले.’

५

खोटे कशाला सांगायचे? पहिला विचार भीतीचा नव्हता. वर्षभर बाहेर बसून असलेले कोणी उठले आहे, इतकेच तिला जाणवले. ती उठली, वळणापर्यंत गेली आणि बाहेरच्या खोलीत डोकावली.

बारा खुर्च्या होत्या. कोणी नव्हते. मासिके चळतीत होती, पाण्याच्या यंत्राचा हिरवा ठिपका जळत होता, दाराची कडी लागलेली होती. काचेपलीकडे रस्त्यावर एक माणूस शिडी घेऊन चालला होता, आणि त्याचे ते चालणे इतके साधे होते की तिला त्याचा हेवा वाटला.

ती टेबलाशी परतली तेव्हा संभाषणात एक ओळ वाढली होती.

‘कोणती खोली?’

ती उभीच राहिली. आई नऊ वर्षे इथे येत होती. मूल शाळेच्या वर्गात जाते तशी ती तपासणीच्या खोलीत जाई; खुर्चीची उशी हाताने थोपटून बसे. आईला खोली विचारावी लागली नसती.

ही आई नव्हती, आणि जी कोणी होती तिला आत बोलावून झाले होते.

तिने आपल्या शहाणपणाला कामाला लावले. क्रमांक दुसऱ्या बाईला मिळाला आहे. ती बाई कोणत्यातरी दुसऱ्या दवाखान्यात बसली आहे. तिथेही ‘आत या’ असेच सांगत असतील. तिचा गोंधळ झाला आहे. सगळे बसत होते. फक्त त्या उसाशाच्या आवाजाला यात कुठे जागा नव्हती. तिने ‘चुकून पाठवले, क्षमस्व’ असे लिहिले आणि पाठवले.

चौकट आली. ‘या संभाषणात पन्नास संदेश झाले आहेत.’

सत्तेचाळीस आईचे. एक आपला. दोन हिचे.

साहजिकच तिने हिचा एक पुसायला घेतला. ‘कोणती खोली?’ वर बोट दाबून धरले, डब्याला स्पर्श केला, ‘हो’ म्हटले. संदेश गेला, पडदा लुकलुकला, आणि तो जागच्या जागी होता. तिने पुन्हा पुसला. पुन्हा होता. ‘आले’ पुसून पाहिला, तोही परतला. आपण पाठवलेल्या ‘आत या’वर तिने बोट दाबले, तर डब्याचे चित्रच आले नाही.

आणि बोळाच्या पलीकडे तपासणीच्या खोलीची पोलादी दांडी खाली गेली.

ती दांडी जड होती. ती खाली जाताना मधे एक अडखळ येई, तोही आला. दार उघडले की नाही, हे तिने पाहिले नाही. तिची नजर त्या वेळी आपल्या हातांवर होती, आणि तिने ती तिथून हलू दिली नाही. दांडी वर आली. शांततेत शांतता मिसळली. मग यंत्रावरचा दिवा लागला.

यंत्रातून कोणताही सूर वाजत नव्हता. दिवा विझला, पुन्हा लागला. विझला, लागला. जिला काहीच ऐकवलेले नाही ती ऐकू आल्याचे सांगत होती.

६

दारातून निघून जावे, हे तिच्या मनात आले नाही असे नाही. बाहेर पडायचे, चार वाजता मास्तर आले की रस्त्यातच त्यांना हातवारे करून परत पाठवायचे. पण एकदा पावणेदोन तास बसवून घेतलेल्या माणसाला पुन्हा घालवायचे? आणि आज घालवले, तरी उद्या कोणीतरी त्या खुर्चीवर बसणारच. कानांवर हेडफोन, पाठीमागे हातभर जाडीचे दार. ओरडले तरी बाहेर ऐकू येणार नाही. आत बसलेली तिसरा संदेश आल्याशिवाय उठणार नाही, आणि तो संदेश तिच्याचकडून जायला हवा होता. पुकारा तिने केला होता.

आता पुसता येण्याजोगे फक्त आईचे संदेश उरले होते.

तीन पंचवीस. तिने सर्वांत जुन्याचे कुलूप काढले. ‘हा फोन चालू झाला का बघते. मी आई.’ एवढा तिने वाचला. पुसला. तो परत आला नाही. आईचे संदेश साधे होते, पुसले की जात. तिने लगेच पट्टीवरच्या ‘आता निघा’कडे बोट नेले, पण तेवढ्यात मोकळी झालेली जागा भरली.

‘सुरू करा.’

दिवा लागला, विझला.

तिने दुसरा पुसला. ‘सुरू करा.’ तिसरा. ‘सुरू करा.’ जागा रिकामी होण्यात आणि भरण्यात पापणी लवण्याइतकी फट होती. तिने रीत बदलली: डाव्या अंगठ्याने ‘हो’, उजवा आधीच पट्टीवर तयार. तरी ती तेवढ्याने हुकत होती. घाईत वाचणे सुटले. छत्रीचा संदेश गेला, जिन्यातल्या दिव्याचा गेला. शेजारणीचा कधी गेला ते तिला कळलेच नाही. वर्षभर ती असे समजत होती की कधी काळी पुसावे लागलेच तर प्रत्येक संदेश नीट वाचून पुसू, एकेकाला वेळ देऊ. आता आईचे बोलणे तिच्या बोटांखालून न वाचलेल्या रकान्यासारखे सरकत होते, आणि त्याच्या जागी एकच वाक्य साचत होते.

एकदा बाहेरच्या खोलीत एक खुर्ची करकरली. तिने मान वळवली नाही. लाकूड आहे, दुपारची तापते, करकरते.

पावणेचारला तेरा उरले. दहा मिनिटे कमी असताना बाहेरच्या दाराच्या काचेवर कोणी बोटाने टकटक केली, आणि तो खणखणीत आवाज आत आला.

“पोरी! मी लवकर आलोय! कडी का गं लावलीस?”

“आले, मास्तर!” ती ओरडली, आणि ते त्यांना ऐकू जाणार नाही हे ओरडून झाल्यावर तिला आठवले.

पाच. चार. अंगठा आता दुखत नव्हता. तो दुसऱ्याच कोणाचा झाला होता. दोन. एक.

‘मी बाहेर बसले आहे.’

हा एक तिने वाचला. वाचण्याखेरीज इलाज नव्हता, कारण सगळ्या फोनमध्ये आईचे तेवढेच होते. दिवा आता विझत नव्हता. एकसारखा जळत होता, खटका दाबून धरल्यासारखा. “आई, गर्दी आहे गं,” ती पुटपुटली. डावा अंगठा ‘हो’वर, उजवा पट्टीवर. दोन्ही एकदम टेकले.

‘तपासणी झाली. आता निघा.’

‘पोहोचला.’

७

दिवा विझला.

तिने मान वर केली, आणि जे दिसले ते एका श्वासापुरते दिसले. दुहेरी काचेपलीकडे तपासणीची खुर्ची रिकामी होती. हेडफोन आकड्यावर होते. परंतु खुर्चीची फोमची उशी मधे खोल दबलेली होती आणि हळूहळू वर येत होती, जड माणूस नुकता उठल्यावर येते तशी. आईच्या वजनाने ती उशी कधी इतकी दबली नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत ती सपाट झाली.

तिने पडद्याकडे पाहिले. ‘सुरू करा’च्या सगळ्या ओळी नाहीशा झाल्या होत्या, ‘आले’ नव्हते, ‘कोणती खोली?’ नव्हते. तिने पाठवलेले दोन संदेश तेवढे एकाखाली एक राहिले होते. ती तशीच बघत राहिली. मग फोन आणखी एकदा थरथरला. तिने ते वाचले, फोन पालथा घातला आणि कडी काढायला गेली.

“काय गं, रडतेस की काय?” मास्तर म्हणाले. “मी काय ओरडलो का तुला? माझा आवाजच तसा आहे. मला स्वतःला ऐकू येत नाही ना, म्हणून जगाला ऐकवतो.”

मग डॉक्टरीणबाई आल्या. मास्तरांना तपासणीच्या खोलीत बसवले गेले. ते बसले, सूर वाजले, दिवा जिथे लागायला हवा तिथे लागला. बाहेर येऊन ते म्हणाले, “खुर्ची गरम होती बरं का. मागच्या माणसाला जरा आधी उठवत जा.” बाईंनी तो विनोद समजून मान डोलावली. जाता जाता त्या फोनवालीच्या टेबलापाशी थांबल्या.

“झाला का रिकामा?”

“झाला, बाई.”

“बघ, मनावर घेतलं की होतं.”

८

साचेवाले काकांना तिने पुढच्या आठवड्यात सगळे सांगितले, एक गोष्ट वगळून. काकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे आता ती गोष्ट दवाखान्यात, गल्लीत आणि त्याही पलीकडे सांगितली जाते. काका ती फार छान सांगतात. त्यांच्या सांगण्यात आई येते, वर्षभर थांबलेली, आपली पाळी घेते, आणि लेक तिला रडत रडत निरोप देते. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसतात. हे चूक आहे. जिने खोली विचारली आणि जिच्या भाराने ती उशी दबली ती आई नव्हती, हे सगळ्यांत आधी फोनवालीला कळले होते.

दुसरे काही जण, ज्यांना आपल्या शहाणपणाचा अभिमान आहे, ते म्हणतात की कोणी परकीच आली होती; आईचा त्यात संबंध नाही, फोनवालीने उगाच मन लावून घेतले. यात तिला काही दिवस बरे वाटेल, असे तिलाही वाटले होते. तिने सत्तेचाळीस संदेश घालवून एका परकीला घालवले. सौदा वाईट, पण कळण्यासारखा.

पण तिचा फोन रिकामा नाही. रोज संध्याकाळी ती इतर सगळे पुसते आणि एक ठेवते. बाईंनी विचारले तेव्हा तिने सांगितले की तो पुसला जात नाही. हे खरे नव्हे. तिने कधी पुसून पाहिलेलाच नाही. ‘आता निघा’च्या खाली त्या दुपारी जो आला, मास्तर काचेवर टकटक करत असताना, तोच तो:

‘आम्ही दोघींनीही?’

‘हो’ लिहिले, तर बाहेर बसलेलीही, आई असेल ती, उठून जाईल. ‘नाही, एकीनेच’ लिहिले, तर थांबायचे कोणी, हे तिकडे ठरणार. ती पट्टीवर अंगठा नेते आणि मागे घेते. तिला आता फार थकवा येतो.

एक आली आणि ती निघून गेली, असे सगळेच सांगतात. आलेल्या दोघी होत्या: दार दोनदा उसासले होते, आणि बाहेरची खुर्ची उगाच करकरली नव्हती. आणि जाण्याविषयी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला अजून उत्तर गेलेले नाही.